पोट काळीत, घर पांढरीत

नोव्हेंबर लागला की लातूर-नांदेडच्या रानातलं सोयाबीन निघालेलं असतं, हरभरा आणि ज्वारी नुकती वर येत असते आणि मधे ताठ उभी असते ती तूर. सोयाबीनच्या पट्ट्यात आंतरपीक म्हणून पेरलेल्या तुरीला आता मोकळं रान मिळतं. ती पुरुषभर वाढते, पिवळ्या फुलांनी भरून जाते. सकाळी ऊन जरा चढल्यावर अशा तुरीच्या कडेला उभं राहिलं की गुणगुण कानावर येते. त्यात आग्या माशा असतात, लहानखुऱ्या फुलोरी असतात. या दोन्हींत न बसणारी एक तिसरी माशीही असते. बांधा आखूड, डोकं रुंद, फुलावर टेकली की शेपटाकडचा भाग वर उचलणारी आणि पोटाच्या खालच्या बाजूला पिवळीधमक भुकटी माखलेली. मोहोळातली माशी पराग मागच्या पायांवर गोळा करून नेते, ही पोटाखालच्या दाट केसांत भरून नेते. हिला ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. हिचं नाव पानकापी माशी, शास्त्रीय नाव मेगाकाईल.

हिला मोहोळ नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. पोळ्यात साठवलेला मध नाही, म्हणून तिच्या वाटेला कुणी जात नाही आणि तिची कुठे नोंदही होत नाही. घर शोधणं, ते बांधणं, त्यात शिधा भरणं, अंडं घालणं, दार लावणं ही सगळी कामं एकटी मादी करते. मराठी फौजेत स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार घेऊन येणारा एकांडा शिलेदार असे, ही त्यातली. जगात माशांच्या वीस हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मध साठवून मोठ्या वसाहती करणाऱ्या त्यात फार थोड्या. बहुसंख्य जाती अशा एकांड्याच. भारतातल्या नोंदलेल्या जाती सातशेवर जातात, पण आपल्या बोलण्यात मधमाशी म्हटलं की आग्या, सातेरी, फुलोरी आणि पेटीतली युरोपीय माशी एवढ्यांवरच गाडी थांबते.

तुरीच्या फुलात काय घडतं

तुरीचं फूल वाटाणा, चवळी, हरभऱ्याच्या घराण्यातलं. मागे उभी राहणारी मोठी पाकळी म्हणजे ध्वज. दोन बाजूंना दोन पंख. आणि खाली दोन पाकळ्या चिकटून झालेली नौका. दहा पुंकेसर आणि त्यांच्या मधला स्त्रीकेसर या नौकेत झाकलेले असतात. मकरंद असतो तळाशी. तिथे पोचायचं तर माशीला पंखांवर बसून डोकं ध्वजाखाली खुपसावं लागतं. तिच्या भाराने आणि रेट्याने पंखांबरोबर नौकाही खाली दबते आणि आतले केसर बाहेर येऊन नेमके तिच्या पोटाला टेकतात. पराग वाहून न्यायची जागा पोटाखालीच असलेल्या पानकापी माशीला हे फूल जणू मापानेच शिवलेलं आहे.

शेंग धरण्यासाठी तूर पूर्णपणे माशीवर अवलंबून नाही, हेही सांगायला हवं. फूल उमलण्याआधी कळीतच तिचे पराग मोकळे होतात आणि स्वतःच्या परागावर ती शेंग धरू शकते. पण फूल उमलल्यावर माशा येतात आणि परपरागीभवनही होतं. त्याचं प्रमाण ठिकाणानुसार खूप बदलतं, सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास धरतात. कडधान्यांच्या मानाने हे प्रमाण बरंच जास्त आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या बीएसएमआर ७३६ किंवा बीडीएन ७११ या तुरीच्या वाणाचं बियाणं घरी राखून पेरणाऱ्या शेतकऱ्याला काही वर्षांनी झाडं सारखी दिसेनाशी होतात, दाण्यात सरमिसळ दिसते. शेजारच्या तुरीचा पराग माशीच्या पोटावर बसून आपल्या रानात आलेला असतो. म्हणून तर बीजोत्पादनात दोन वाणांत अंतर राखायचा नियम आहे.

शास्त्रज्ञांनी माशीची हीच सवय उपयोगात आणली. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ पासून आहे. नांदेडहून ती फार लांब नाही. तिथल्या प्रयोगक्षेत्रात तुरीवर परागीभवन करणाऱ्या माशांचा अभ्यास सत्तरच्या दशकातच सुरू झाला आणि आग्या माशीबरोबर मेगाकाईलच्या जाती या कामात पुढे असल्याचं दिसलं. १९९१ मध्ये आयसीपीएच ८ हा तुरीचा संकरित वाण आला. पुढे तिथलेच शास्त्रज्ञ के. बी. सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नरवंध्यत्वाची वेगळी पद्धत वापरून आयसीपीएच २६७१ तयार केला. यात मादी ओळीतल्या झाडांना स्वतःचा कामाचा पराग नसतो. शेजारच्या नर ओळीतून माशीने आणून टाकला तरच शेंग धरते.

कपाशीशी ताडून पाहिलं की यातली बचत लक्षात येते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच ४४ हा संकरित वाण एके काळी मराठवाड्यात घरोघर माहीत होता. कपाशीचं असं संकरित बियाणं तयार करताना बाया आदल्या दिवशी संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर हाताने काढतात आणि दुसऱ्या सकाळी नर फुलाचा पराग हाताने लावतात. तुरीत हे काम माशा करतात, मजुरी न घेता.

पानाची कोठडी

पानकापी माशी घर खणत बसत नाही, आयती पोकळी शोधते. भिंतीतलं भोक, वाळलेला बांबू, लाकडातला किड्याने पाडलेला जुना बोगदा, कुलपाचं छिद्र, नळीचं तोंड, काहीही चालतं. पोकळी तिच्या अंगाच्या मापाची हवी. फार रुंद असेल तर सारखी भरती घालावी लागते, अरुंद असेल तर आत वळता येत नाही. शिसपेन्सिल जाईल एवढी पोकळी बहुतेकींना पुरते.

जागा ठरली की पानांच्या फेऱ्या सुरू होतात. अंगणातल्या गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांना कडेने स्वच्छ गोल-लांबट कापे दिसतात, ते हिचंच काम. अळीने खाल्लेलं पान वेडंवाकडं, कुरतडलेलं दिसतं. हिचा काप एकसंध असतो. माशी पानाच्या कडेवर बसते, कड दोन्ही बाजूंनी पायांत धरते आणि जबड्याने कापत वळत जाते. काप पुरा होत आला की ती आधीच पंख चालू करते, त्यामुळे तुकडा सुटल्याबरोबर खाली न पडता ती त्याच्यासकट हवेत असते. सगळ्याला काही सेकंद पुरतात. तुकडा पोटाखाली धरून ती थेट भोकाकडे जाते.

तुकड्यांचे आकार दोन. कोठडीच्या भिंतीसाठी लांबट अंडाकृती, झाकणासाठी गोल. लांबट तुकडे एकावर एक थोडे चढवत ती नळी तयार करते, कडा चावून लाळेने ओलसर करते, म्हणजे त्या एकमेकींना धरून राहतात. एका कोठडीला दहा-पंधरा तुकडे लागतात. मग पराग आणि मकरंद कालवून केलेला मऊ गोळा आत भरायचा. हा पिल्लाचा जन्मभराचा शिधा असतो, कारण नंतर त्याला भरवायला कुणी येत नाही. गोळ्यावर एक अंडं आणि वर गोल तुकड्यांचं झाकण. झाकण हाच पुढच्या कोठडीचा तळ. अशा कोठड्या एकापुढे एक करत नळी भरत आली की शेवटी पानांचा जाड दट्ट्या.

या रांगेत एक व्यवस्था आहे. माशांमध्ये फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. अंडं घालताना ते फलित करायचं की नाही हे आईच्या हातात असतं. नळीच्या आतल्या टोकाला ती मादीची अंडी घालते, दाराकडे नराची. नर लहान, त्यांना शिधा कमी लागतो आणि ते आधी तयार होतात. दाराजवळ असल्याने ते वाट मोकळी करून बाहेर पडतात, मागच्या बहिणींना त्यांचा अडथळा होत नाही. शिवाय दारातून कुणी शत्रू शिरलाच तर पहिला फटका नरांना बसतो, आतल्या माद्या वाचायची शक्यता जास्त.

आई हे काही पाहत नाही. तिचं आयुष्य जेमतेम दीड-दोन महिन्यांचं, अंडी वीस-तीस. पेटीतल्या युरोपीय माशीची राणी बहरात एका दिवसात हजारावर अंडी घालते. हा हिशेब लक्षात ठेवावा. मोहोळाचं नुकसान राणी भरून काढते, एकांड्या माशीचं एक घर मोडलं तर तिच्या जन्माच्या कमाईतला मोठा हिस्सा जातो.

मेगाकाईलच्या सगळ्याच जाती पानं कापत नाहीत. आपल्याकडे सर्रास दिसणारी मेगाकाईल लॅनाटा मातीने काम भागवते. काही जाती झाडाची चिकट राळ वापरतात. घरातल्या स्विचबोर्डाच्या भोकात सुकलेली माती सापडली की आपण कुंभारीण म्हणून सोडून देतो. पुष्कळदा ती कुंभारीणच असते, पण कधीकधी ही माशी असते. दोघींतला फरक आतल्या शिध्यात आहे. कुंभारीण अळ्या किंवा कोळी डंख मारून लुळे करून भरते, माशी पराग भरते. नातं मात्र जवळचं आहे. शिकार करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या एका शाखेनेच सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी मांस सोडून पराग धरला आणि त्यातून आजच्या सगळ्या माशा आल्या. मातीकाम, एकेक बंद कोठडी, एकदाच भरलेला शिधा ही रीत त्या जुन्या घरातूनच आलेली.

भुंग्याचं सुतारकाम

ज्याला आपण भुंगा म्हणतो, तो मोठा, काळा, निळसर-जांभळ्या पंखांचा, घरघर आवाज करणारा जीवही एकांडी माशीच आहे. शास्त्रात त्याला झायलोकोपा म्हणतात. तो लाकूड खातो हा समज चुकीचा. मादी जबड्याने लाकूड कोरते, भुसा बाहेर टाकते आणि आत कोठड्या करते. माळवदाच्या तुळईखाली किंवा गोठ्याच्या आढ्याखाली सकाळी पिवळसर भुशाची बारीक रांगोळी पडलेली दिसली की वर पाहावं. गिरमिटाने पाडल्यासारखं नितळ गोल भोक दिसतं. भोक आधी आडवं आत जातं, मग वळण घेऊन रेषांच्या दिशेने पुढे सरकतं. कोठड्यांमधले पडदे ती चावलेला भुसा लाळेत कालवून करते. लाकूड वाळलेलं हवं, जिवंत झाडाच्या वाटेला ती जात नाही. रंग किंवा तेल लावलेल्या लाकडालाही सहसा हात लावत नाही. घराला तिच्यामुळे धोका वाटत असेल तर उपाय एवढाच: तुळईला तेलपाणी करायचं आणि जवळ एखादा जाड वाळका बांबू बांधून ठेवायचा.

भुंग्याची अंडी कीटकांच्या जगातली सगळ्यात मोठी म्हणावीत अशी, काही जातींत सेंटिमीटरहून लांब. त्यामुळे अंडी थोडी आणि एकेकीवर मेहनत भरपूर. काही जातींत लेकी आईच्याच बोगद्यात काही काळ राहतात, तोच बोगदा पुढची पिढी वाढवून वापरते. अंगावर येऊन घोंघावणारा भुंगा बहुधा नर असतो. तो आपला इलाखा राखतो, पण त्याला नांगीच नसते. कोणत्याच माशीच्या नराला नसते. मादीला असते, पण राखायला मोहोळ आणि मध नसल्यामुळे हातात चिरडल्याशिवाय ती डंख मारत नाही.

शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, त्या रुईचं भवितव्य बरंचसं या भुंग्यावर आहे. रुईचे पराग सुटे नसतात, पुड्या बांधल्यासारखे चिकटलेले असतात. त्या पुड्या ओढून काढायला मोठ्या, जोरकस माशीचे पाय लागतात. दोडका, भोपळा, ताग यांच्या फुलांवरही भुंगा सर्रास दिसतो. याच घराण्यातल्या सेराटिना नावाच्या चिमुकल्या, हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या माशा मात्र तुळयांच्या वाटेला जात नाहीत. गुलाबाची छाटलेली काडी, घाणेरीची मोडलेली फांदी असं मऊ गर असलेलं काहीतरी त्यांना पुरतं. गर कोरला की काम झालं.

वांग्याच्या शेतातली निळ्या पट्ट्यांची पाहुणी

वांग्याच्या फुलात मध्यभागी पिवळे केसर एकत्र येऊन शंकू झालेला असतो. त्यातला पराग टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. हलवल्याशिवाय डबी उघडत नाही. टोमॅटोचंही तसंच. मोहोळातल्या माशांना ही युक्ती साधत नाही. अमेगिलाला साधते. पोटावर फिकट निळे पट्टे असलेली ही माशी फुलाला मिठी मारते, पंख न हलवता फक्त छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग भुरभुर खाली पडतो. त्या वेळी फुलावरून येणारा आवाज उडतानाच्या आवाजापेक्षा चढा असतो, शेजारी उभं राहिलं तर स्पष्ट कळतो. भुंगाही हेच करतो. बांधावरच्या तरोट्याच्या फुलांवर दोघांची ये-जा असते, कारण तिथेही अशीच बंद डबी.

अमेगिला मातीत घर करते. घट्ट, कोरडी, उभी माती तिला आवडते: नाल्याची दरड, मातीची भिंत, पडक्या गढीचा बुरूज. मादी तोंडातल्या ओलाव्याने माती मऊ करत जबडा आणि पायांनी बीळ खणते. टोकाला घटासारखी कोठडी करून तिच्या आतून स्वतःच्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या मेणचट रसाचा हात फिरवते. त्यामुळे ओल आत येत नाही आणि आतला पातळसर शिधा मातीत जिरत नाही. प्रत्येकीचं बीळ वेगळं, पण जागा चांगली मिळाली की अनेकजणी शेजारी शेजारी बिळं खणतात. नरांना घर नसतं. ते संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने चावा घेऊन लटकतात आणि तशीच रात्र काढतात. कुंपणापाशी एकाच काडीवर रांगेने झोपलेले नर पाहायला मिळतात.

घामावर बसणाऱ्या बारीक माशाही अशाच जमिनीत राहणाऱ्या. त्यांना हॅलिक्टिड म्हणतात. पायवाटेच्या कडेला, खळ्याच्या चोपलेल्या जमिनीत काडी घालावी एवढं भोक आणि भोवती मातीचा बारीक ढीग दिसला, तर मुंग्यांचंच समजू नये. आत एक उभी वाट असते आणि तिच्या बाजूंना कोठड्या.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठवाड्यात गावाचे दोन भाग मानले जात. शेतजमीन ती काळी, गावठाण ती पांढरी. काळीत पिकतं, पांढरीत माणसं राहतात. एकांड्या माशांची वाटणीही बरीचशी अशीच आहे. काळी भारी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. वर्षातून अनेकदा ती नांगराने, वखराने उलटते. अशा जमिनीत महिनोन्‌महिने बंद राहणारी कोठडी टिकणं अवघड. म्हणून खाणं काळीतल्या पिकांवर आणि घर बांधावर, नाल्याच्या काठाला, मुरमाड माळावर, नाहीतर पांढरीत.

पांढरीतली घरं माशीच्या सोयीचीच होती. माळवदाचं घर म्हणजे दगड आणि चिखलाची दोन-तीन फूट रुंद भिंत, वर सागवानी किंवा बाभळीच्या तुळया, त्यावर फळ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीच्या सांध्यात मातीवाल्या माशांना जागा, लाकडात भुंग्यांना, किडक्या लाकडाच्या भोकांत पानकापीला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावं झोपेत असताना, किल्लारीच्या भूकंपात याच भिंती आणि हेच धाबे माणसांवर कोसळले. हजारो जीव गेले. पन्नासहून अधिक गावं नव्या जागी उठून गेली आणि सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधली गेली. तशी ती बांधायलाच हवी होती, आणि पुढे भूकंप न झालेल्या गावांनीही तोच रस्ता धरला. माणसाने आपलं घर पक्कं केलं ते योग्यच. माशीसाठी मात्र त्या बदल्यात दुसरी जागा राखायचं कुणाच्या मनात आलं नाही.

तोवर रानही बदललं. खरिपात सोयाबीनचं राज्य आलं. सोयाबीन जवळपास पूर्णपणे स्वतःच्या परागावर भागवतं. करडई, सूर्यफूल, तीळ, जवस मागे पडले. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने ज्या सूर्यफुलावर काम केलं, ते सूर्यफूल आज रानात शोधावं लागतं. अर्धापूरची केळी आणि नांदेडची हळद यांना तर माशीची गरजच नाही. बांधावरचा तरोटा, एकदांडी, रानतुळस तणनाशकाने जाते. उरलेला बांध नांगराने दरवर्षी थोडा थोडा कोरला जातो आणि उन्हाळ्यात पेटवला जातो.

इथे अंतराचा मुद्दा महत्त्वाचा. आग्या माशी फुलांच्या शोधात काही किलोमीटर जाते. बहुतेक एकांड्या माशांची धाव घरापासून काहीशे मीटरच असते. पाच एकरांच्या तुरीच्या आसपास तेवढ्या टापूत जर एकही जुना बांध, वाळकं खोड, मातीची दरड नसेल, तर कितीही फुलं असली तरी तिथे घर मांडायला ती येणार नाही.

एकांड्या माशांच्या घरांना चोरही आहेत. शेपूट टोकदार असलेली सिलिओक्सिस माशी स्वतः पराग गोळा करत नाही. पानकापी बाहेर गेली की तिच्या अर्ध्या भरलेल्या कोठडीत अंडं घालून निघून जाते. तिची अळी धारदार जबड्याने मूळ पिल्लाला मारून शिधा खाते. अमेगिलाच्या बिळाभोवती काळ्या अंगावर निळे ठिपके असलेली थायरियस अशीच घुटमळते. पण हे वैर लाखो वर्षांचं आहे, त्यात दोघीही टिकल्या आहेत. तुरीच्या ऐन फुलोऱ्यात सकाळी दहाला मारलेल्या फवाऱ्याशी जुळवून घ्यायला मात्र एकांड्या माशीला एवढा काळ मिळालेला नाही.

दुसरीकडे काय करतात

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टच्चेट खोऱ्यात लसूणघासाचं बियाणं पिकवतात. त्या फुलांवर काम करणारी नोमिया ही एकांडी माशी खारवट ओल्या जमिनीत घर करते. शेतकरी तिच्यासाठी जमिनीचे तुकडे राखून ठेवतात, खालून पाणी देतात, वर मीठ पसरतात. आसपासच्या रस्त्यांवर माशा चाकाखाली येऊ नयेत म्हणून वाहनांना वेगमर्यादा आहे. उत्तर अमेरिकेतच मेगाकाईल रोटुंडाटा ही पानकापी भोकं पाडलेल्या फळ्यांत पाळतात आणि तिच्या कोठड्या विकत मिळतात. जपानमध्ये सफरचंदाच्या बागांत वेळूच्या काड्यांच्या जुड्या लावून ऑस्मिया माशी राखायची पद्धत काही दशकांपासून आहे. मराठवाड्यात तुरीवर येणारी माशी अजून न पाळता, न विकत घेता येते. ती राखायला काही विकत आणावं लागणार नाही, काही गोष्टी करणं थांबवावं लागेल.

तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीचं संकट खरं आहे आणि फवारणी पूर्ण टाळा असं कुणी शेतकऱ्याला सांगू नये. पण फुलोरा सुरू होताना पाच टक्के निंबोळी अर्क, पक्षी थांबे, कामगंध सापळे, विषाणूजन्य एचएनपीव्ही हे उपाय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत आहेतच, ते आधी वापरावेत. रासायनिक औषध मारावंच लागलं तर ऊन उतरल्यावर, माशा घरी परतल्यावर मारावं. बांधाचा निदान एक भाग पेटवू नये, नांगरू नये, तिथलं तण फुलू द्यावं. वाळलेलं बाभळीचं खोड सरपणाला नेताना एखादं उभं सोडावं. गावातल्या पडक्या गढीची माती सगळीच उकरून नेऊ नये.

शहरातल्या माणसालाही हे जमण्यासारखं आहे. बांबूच्या वीतभर लांबीच्या नळ्या कापायच्या, एका टोकाला गाठ राहील अशा. भोकं पेन्सिलीपासून करंगळीपर्यंत वेगवेगळ्या मापांची. कडा घासून गुळगुळीत करायच्या, कारण फासाने पंख फाटतात. दहा-पंधरा नळ्यांची जुडी पूर्वेकडे तोंड करून, पाऊस लागणार नाही अशी, छातीएवढ्या उंचीवर घट्ट बांधायची. वाऱ्याने झुलली तर माशी येत नाही. एकाच ठिकाणी शंभर नळ्यांचा वाडा करण्यापेक्षा दहा जागी दहा जुड्या बऱ्या, कारण गर्दीत परजीवी आणि बुरशी दोन्ही वाढतात. तोंड पानाने किंवा मातीने बंद झालेली नळी उकरून पाहायची नाही. सगळ्या माशा निघून गेल्या की जुनी नळी टाकून नवी लावायची.

यंदा मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर-नांदेडकडची माणसं सहकुटुंब रानात जातील, कडब्याची कोप घालतील, भज्जी-आंबिल जेवतील. त्या दिवशी बरोबर बांबूची एक जुडी न्या आणि विहिरीवरच्या शेडला किंवा बांधावरच्या बाभळीला बांधा. मुलांना तुरीवर उशिरा आलेल्या फुलांपाशी नेऊन पिवळ्या पोटाची माशी दाखवा. आणि बांधाचा तो कोपरा आता पेटवायचा नाही, हे त्याच दिवशी घरात सगळ्यांच्या कानावर घाला.